आयर्विनचा ‘आय’ आणि डिनरचे दोन ‘एन’

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की इंग्रजी स्पेलिंगचं आणि उच्चाराचं काही अडत असेल तर कळवा. पत्रं इतकी आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. त्यांतली पाच इथं घेतली आहेत. पाचही एकाच गाठीभोवती फिरतात : इंग्रजी शब्द तोडायचा कुठं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगा पाचवीत, सेमी-इंग्रजीला आहे. ‘डिनर’मध्ये एकच एन लिहितो आणि ‘रायटिंग’मध्ये मात्र दोन टी घालतो. शाळेत सांगतात, सिलेबल पाडा म्हणजे स्पेलिंग येईल. मी मराठी माध्यमातली. सिलेबल पाडायचे म्हणजे अक्षरं मोजायची का? – एक आई, तासगाव

उत्तर : अक्षरं मोजायची नाहीत. तिथंच सगळ्यांची गाडी अडते, कारण मराठीत आपण ‘तीन अक्षरी शब्द’, ‘चार अक्षरी शब्द’ असं लहानपणापासून म्हणत आलो. तुमच्याच गावाचं नाव घ्या. लिहायला चार अक्षरं, ता-स-गा-व. म्हणून बघा : तास-गाव. तोंडात दोनच तुकडे पडले. सांगली लिहायला तीन अक्षरी, बोलायला सांग-ली. मिरज मि-रज, कराड क-राड. जत तर एका दमात संपतं. सातारा मात्र लिहा नाहीतर बोला, सा-ता-रा, तीन म्हणजे तीन. हा जो बोलताना पडणारा तुकडा, तो सिलेबल. पुस्तकात त्याला शब्दावयव म्हणतात. मी सिलेबलच म्हणणार, कारण मुलगा शाळेतून तोच शब्द घेऊन येतो.

आज रात्री जेवताना मुलाला एक खेळ शिकवा. हाताचा पंजा आडवा करून हनुवटीखाली धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल, साधारण तितके सिलेबल. तालुक्यातली सगळी गावं म्हणून झाली की मग इंग्रजी शब्दांवर या. ‘एरिया’ या शब्दात इंग्रजी अक्षरं फक्त चार, पण सिलेबल तीन. आणि ‘स्ट्रेंग्थ्स’ असा एक शब्द आहे, त्यात अक्षरं नऊ आणि सिलेबल एक! व्यंजनांची कितीही गर्दी असो, स्वर एकदाच वाजला तर सिलेबल एकच. आपल्याकडं ही गर्दी जिभेला झेपत नाही, म्हणून ‘फिल्म’चं फिलिम होतं आणि ‘स्कूल’चं इस्कूल. एका सिलेबलचे दोन होतात. माझी आजी ‘ब्रश’ला बुरुश म्हणायची, तेही त्यातलंच.

आता स्पेलिंग. सिलेबल दोन जातींचे धरा, उघडे आणि मिटलेले. ज्याच्या शेवटी स्वर आहे तो उघडा. तिथं स्वर ऐसपैस बसतो आणि बहुधा स्वतःचं नाव सांगतो. पेपर : पे-पर, इथला ए ‘ए’च म्हणतो. टायगर : टाय-गर, इथला आय ‘आय’ म्हणतो. पायलट, रोबो, स्टुडंट, सगळ्यांत पहिला सिलेबल उघडा. ज्याच्या शेवटी व्यंजन येऊन दार लावतं तो मिटलेला. तिथं स्वर आखडतो. नॅपकिन : नॅप-किन. रॅबिट : रॅब-बिट, म्हणून डबल बी.

डिनरचे दोन एन याच कारणासाठी आहेत. एक एन पहिल्या सिलेबलचं दार लावायला आणि दुसरा पुढचा सिलेबल सुरू करायला. डिन-नर. एक एन काढून टाकलात तर पहिला सिलेबल उघडा पडतो, त्यातला आय आपलं नाव सांगायला लागतो आणि शब्द होतो डायनर, म्हणजे जेवणारा! जेवण लिहायचं होतं, जेवणारा लिहिला. तसंच सुपर आणि सपर. सुपरमध्ये पी एक, कारण सू-पर. सपर म्हणजे रात्रीचं हलकं खाणं, तिथं सप-पर, डबल पी.

तुमच्या मुलाचं ‘रायटिंग’ आता त्याचं त्यालाच तपासू द्या. राय-टिंग. पहिला सिलेबल उघडा, आय स्वतःचं नाव सांगतोय. मग दार लावायला जादा टी कशाला? दोन टी घातले की त्याचं ‘रिटिंग’ होतं. दोन टी हवेत ते ‘रिटन’ला. होपिंग म्हणजे आशा करणं, एक पी. हॉपिंग म्हणजे उड्या मारणं, दोन पी. टायटलला एक टी, लिटलला दोन. टेबलला एक बी, बबलला दोन. ही जोडपी वहीच्या पानावर समोरासमोर लिहून घ्या, वीसेक झाली की पोराला नियम सांगावा लागत नाही.

हा नियम आपल्याला परका वाटायचं काहीच कारण नाही. मराठी शुद्धलेखनात आपण काय शिकलो? जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व. चिठ्ठी, दिल्ली, मुक्काम, शिस्त, पुस्तक. (तीव्र, सूक्ष्म, ईश्वर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे वेगळे.) कवितेचे लघु-गुरू पाडताना ‘सत्य’मधला स ऱ्हस्व असून गुरू धरायचो, कारण पुढच्या जोडाक्षरातला अर्धा त् त्याच्या अंगावर येऊन पडतो. इंग्रजीतलं डबल अक्षर म्हणजे त्यांचं जोडाक्षरच समजा. मी वर्गात सांगायचे, चिठ्ठीतली ‘चि’ आणि डिनरमधला ‘डि’ सख्ख्या बहिणी आहेत.

फक्त एक फरक आहे, आणि त्यात आपली सगळी फसगत होते. चिठ्ठीतला ठ्ठ आपण खरोखर दाबून म्हणतो. इंग्रजीत ते दोन एन फक्त लिहायला असतात, बोलायला एकच. ‘हॅप्पी’, ‘सम्मर’, ‘डिन्नर’ हे आपलं प्रामाणिक वाचन आहे, पण चुकीचं. तोडताना डिन-नर, बोलताना डिनर.

आणि हो, नियम शंभर टक्के चालत नाही. रिव्हर, लेमन, सिटी, कॉपी, स्टडी, बॉडी. स्वर आखडलेला, तरी अक्षर एकच. ‘डबल’ या शब्दातच डबल बी नाही, आता बोला! अनोळखी शब्द वाचताना मुलाला आधी उघडा सिलेबल करून बघायला सांगा. ‘रायव्हर’ असा काही शब्द ऐकलाय का? नाही. मग दार लावून बघ : रिव्हर. हा ऐकलाय. लिहिताना मात्र हे अपवाद पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही. डिक्शनरीत ‘रायटिंग’ कुठं तोडायचा ते दाखवणारा ठिपका टी-च्या पुढं दिसला तर मला खोटं ठरवू नका, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी फौजेत कारकून होतो, आता वय ७८. आम्ही ‘टु-गेट-हर’, ‘नो-लेड-गे’, ‘वेड-नेस-डे’ असे शब्द तोडून पाठ केले. लेफ्टनंटचं स्पेलिंग आमच्या हवालदारांनी ‘लाय-यू-टेन-अँट’ असं शिकवलं, खोटं, तू, दहा, मुंगी. आजतागायत चुकलेलं नाही. नातू म्हणतो, आजोबा, तुमचं सगळं चुकीचं. खरं काय? – एक माजी सैनिक, मिरज

उत्तर : तुमचं स्पेलिंग आजतागायत चुकलेलं नाही म्हणता, मग नातवाला म्हणावं तू लिहून दाखव. लेफ्टनंट हा शब्द कानाने लिहायला गेलं तर जगात कुणाला येणार नाही. तिथं दहा मुंग्याच कामाला येतात. सेपरेटच्या पोटात रॅट बसलाय, तोही त्यांचाच भाऊबंद. निम्मा महाराष्ट्र त्या उंदराच्या जिवावर पास झाला.

पण नातवाचंही थोडं ऐका. हे तोडणं हातासाठी आहे, जिभेसाठी नाही. ‘टुगेदर’मध्ये टी आणि एच मिळून एकच आवाज होतो, ‘गेट’ आणि ‘हर’ करताना तुम्ही त्याचे दोन तुकडे केलेत. लिहायला उत्तम. मोठ्याने वाचताना ‘टुगेटहर’ म्हणालात तर पंचाईत. वेन्सडेमधला डी बोलताना ऐकूच येत नाही, पण तो उगीच आलेला नाही. वोडन नावाच्या जुन्या देवाचा तो वार, आपल्या गुरुवार-शुक्रवारासारखा. देवाला लोक विसरले, त्याचा डी राहिला.

‘नॉलेज’ची गोष्ट तर फारच मजेची आहे, कारण तिथं इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंच आपसांत जमत नाही. जुन्या ब्रिटिश छपाईत हा शब्द ओळीच्या शेवटी तोडायची वेळ आली तर ‘नो’ हा मूळ शब्द अख्खा ठेवून पुढं ‘लेज’ लिहीत. शब्द कशापासून झाला ते बघायचं, ही त्यांची रीत. अमेरिकन डिक्शनरी एल-सुद्धा पहिल्या तुकड्यात घेते, कारण कानाला ‘नॉल’ ऐकू येतं. म्हणजे तुमचा ‘नो-लेड-गे’ पहिल्या तुकड्यापुरता ब्रिटिश शिस्तीचाच होता! फौजेत दुसरं काय असणार.

कानाने तोडायची ही अमेरिकन रीत नोआ वेबस्टरने रुजवली. तो मुळात शाळामास्तर. १७८३ साली त्याने मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं; निळ्या पुठ्ठ्याचं म्हणून प्रसिद्ध झालं. त्याच्या आधीची पुस्तकं ‘हॅबिट’ हा शब्द एच-ए एकीकडं आणि बी-आय-टी दुसरीकडं असा तोडून शिकवायची. वेबस्टर म्हणाला, असं तोडलं तर पोरगं ‘हे-बिट’ वाचेल. बी पहिल्या तुकड्यात घ्या. शेवटचा ‘टी-आय-ओ-एन’ तर आधीची पुस्तकं दोन सिलेबल धरून शिकवायची. त्याने तो एक केला. आपण वर्गात ‘टीआयओएन म्हणजे शन’ असं तालात घोकलं, त्यामागं हा मास्तर उभा आहे. मोठी डिक्शनरी त्याने नंतर काढली, १८२८ साली.

डिक्शनरीत शब्दाच्या पोटात जे ठिपके दिसतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कुठं तोडावा हे सांगण्यासाठी असतात. उच्चार त्याच्या पुढं वेगळा दिलेला असतो. ‘राइट’ला ‘आयएनजी’ लागला, म्हणून ठिपका टी-च्या पुढं. मूळ शब्द शक्यतो फोडायचा नाही. तासगावच्या ताईंना दिलेला शब्द हा असा पाळला.

प्रश्न : बेंगळुरूहून आलेला भाचा सांगतो की आयर्विन पूल म्हणणं चूक, ‘अर्विन’ म्हणा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आयर्विन म्हणतो. घरात भांडण पेटलंय. – गावभाग, सांगली

उत्तर : भाचा इंग्रजीपुरता बरोबर आहे. शब्द आर आणि डब्ल्यूच्या मधे तुटतो. पहिल्या सिलेबलमध्ये आय आणि त्याला लगटून आर. आर असा पाठीला चिकटला की आय ना ‘आय’ म्हणू शकत, ना ‘इ’. तो ‘अर्’ होतो. तुमच्या भाच्याच्या अंगातला शर्ट बघा, त्याचं स्पेलिंगही आय-आरचंच. आपण काय शायर्ट म्हणतो? फर्स्ट, बर्ड, गर्ल, सर्कल, सगळे त्यातले. आणि सर्कस तर आपल्याच जिल्ह्याची. पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. तिला कुणी सायर्कस म्हटल्याचं ऐकलं नाही. आयर्विनचा ‘आय’ बहुधा आयर्लंड आणि आयर्न यांच्या संगतीनं आला असावा.

पण व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा हा पूल १९२९ पासून कृष्णेवर उभा आहे, आणि इतक्या पावसाळ्यांत त्याचं नाव सांगलीकरांच्याच तोंडी राहिलंय. पुराच्या दिवसांत ‘आयर्विनला किती फूट पाणी?’ असं विचारल्यावर ४० म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे ज्याला कळतं त्याला उच्चार सुधारायची गरज नाही. माणसाचं नाव अर्विन, पुलाचं आयर्विन. भाच्याला भडंग द्या आणि विषय संपवा.

प्रश्न : मॅडम, मी विलिंग्डन कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. एका मुलाखतीत ‘फोटोग्राफर’ आणि ‘डेव्हलपमेंट’ म्हटल्यावर समोरचे हसले. सिलेबल तर मी बरोबर पाडले होते. मग चुकलं काय? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी हे सांगते की मलाही हसलेत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका प्रशिक्षणात मी उभी राहून झोकात वाचलं, ‘डिटरमाईन’. नियमाने वाचलं होतं गं! डी-टर-माईन, शेवटी मुका ई, म्हणजे आधीचा आय ‘आय’ म्हणणार. मागच्या बाकावरचे एक वयस्क गुरुजी म्हणाले, “बाई, कुठली खाण म्हणायची ही?” ती खाण मला निवृत्तीपर्यंत पुरली.

माझं सिलेबल पाडणं चुकलं नव्हतं. जोर कुठं द्यायचा ते चुकलं होतं. इंग्रजी शब्दातल्या एकाच सिलेबलवर मुख्य जोर पडतो आणि बाकीचे त्याच्या सावलीत जातात. सावलीतल्या स्वराचा तोरा उतरतो, तो नुसता दबलेला ‘अ’ किंवा पुसट ‘इ’ होतो. डिटर्मिनमध्ये जोर मधल्या ‘टर्’वर, म्हणून शेवटचं ‘माईन’ विझून ‘मिन’ झालं. एक्झॅमिन, मेडिसिन, इंजिन, तिन्हीकडं तेच. आणि डिफाइन, डिक्लाइनमध्ये जोर शेवटावर, म्हणून तिथं आय ठणठणीत. (मशीन फ्रेंचांकडून आलंय, त्याला यात ओढू नकोस.)

तुझ्या शब्दाचं बघ. फोटोग्राफ : जोर ‘फो’वर. त्याला ‘अर’ लागला की जोर एक घर पुढं सरकतो : फ-टॉग्-र-फर. ‘फो’चा नुसता ‘फ’ झाला, ‘टो’ला जी चिकटून ‘टॉग्’ झाला. फोटोग्राफिक म्हटलं की जोर आणखी पुढं, ‘ग्रॅफ’वर. मराठीत आपण असं करत नाही. सांगली म्हण नाहीतर सांगलीकर, ‘सांग’ आहे तसाच. आपण सगळ्या सिलेबलना पंगतीत सारखं वाढतो. इंग्रजी एकाच्याच ताटात तूप ओतते. डेव्हलपमेंटमध्ये ते तूप ‘व्हेल’च्या ताटात आहे : डि-व्हेल्-अप्-मन्ट.

हजेरीला म्हणतो तो ‘प्रेझंट’ घे. त्यात जोर पहिल्यावर आणि एस पहिल्या तुकड्यात. तेच अक्षर न बदलता सादर करणं या अर्थाने वापरलं की जोर शेवटावर, प्रि-झेन्ट, आणि डिक्शनरीतला ठिपकासुद्धा एक घर मागं, आर-ई-च्या पुढं. रेकॉर्डचंही असंच, नाम असताना एकीकडं, क्रियापद असताना दुसरीकडं. डिक्शनरीत शब्दाच्या डोक्याशी एक छोटी उभी रेघ दिसते. ज्या सिलेबलच्या आधी ती असते, जोर त्यावर. पुढच्या मुलाखतीआधी अर्जातले पंधरा-वीस शब्द घेऊन तेवढी रेघ बघून घे.

कॉम्फर्टेबल, व्हेजिटेबल, चॉकलेट हे शब्द आपण सगळी अक्षरं मोजून म्हणतो. बोलताना इंग्रज मधला एखादा सिलेबल गिळूनच टाकतात : कम्फ-ट-बल, व्हेज-ट-बल, चॉक-लट. बिझनेसमधला आय तर सगळेच गिळतात. आणि हॉस्टेलच्या अर्जात ‘अकॉमोडेशन’ लिहिशील तेव्हा उलट कर, सावकाश तोड : अक-कॉम-मो-डे-शन. डबल सी, डबल एम, दोन्ही हाताला लागतील. ‘कमिटी’ही तशीच तोड : कम-मिट-टी.

प्रश्न : आमचं छोटं छापखान्याचं काम आहे. एका शाळेच्या स्मरणिकेत कॉम्प्युटरने ‘लेजंड’ हा शब्द ओळीच्या शेवटी असा तोडला की पहिल्या ओळीत ‘लेग’ म्हणजे पाय आणि दुसऱ्या ओळीत ‘एंड’ म्हणजे शेवट आला. लेख एका थोर गुरुजींवर होता. शाळावाले अजून बोलत नाहीत. कॉम्प्युटर चुकला का? – एक मुद्रक, सांगली

उत्तर : कॉम्प्युटर चुकला नाही, हेच वाईट. डिक्शनरीतही ठिपका तिथंच आहे. ‘रीॲडजस्ट’ही नियमाने असा तुटतो की पहिल्या ओळीत ‘रीड’ आणि दुसरीत ‘जस्ट’ येतं. नियमाने तोडलं तरी वरच्या ओळीतल्या तुकड्याचा भलताच अर्थ लागत असेल तर तो शब्द अख्खा खाली ढकला.

बाकी थोडक्यात. एका सिलेबलचा शब्द कितीही लांब असला तरी तोडायचा नाही. ‘अबाउट’मधला ए किंवा ‘आयडिया’मधला आय एकटा वरच्या ओळीत सोडायचा नाही. डबल अक्षर असेल तर दोघांच्या मधे तोडा, ‘रनिंग’ दोन एनच्या मधे. पण मूळ शब्दातच डबल असेल, ‘कॉलिंग’, ‘सेलिंग’, तर एलएल दोन्ही वर ठेवा आणि ‘आयएनजी’ खाली. माणसांची नावं तोडू नका. लग्नपत्रिकेत तर कुठलाच शब्द तोडू नका. अक्षराचा आकार अर्धा पॉइंट कमी केला की मावतं सगळं. आणि त्या स्मरणिकेची एक प्रत उरली असेल तर मला पाठवा, गुरुजींवरचा लेख वाचायचाय.